अडगाव ते गाविलगड : मोजलेले आणि न मोजलेले

शनिवार, २९ नोव्हेंबर. अकोट, अडगाव, शिरसोली

तारीख मुद्दाम धरून निघालो. १८०३ साली याच दिवशी, उन्हं कलल्यावर, अडगाव आणि शिरसोली या दोन गावांमधल्या शिवारात नागपूरकर भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज समोरासमोर आली. इंग्रजी पुस्तकांत ही 'आरगाव'ची लढाई. आम्हाला शाळेत दुसरं इंग्रज-मराठा युद्ध एका पानात उरकून शिकवलं. त्यात असई होती, लासवाडी होती. माझ्या आजोळापासून तासाभराच्या आत असलेलं अडगाव नव्हतं.

सोबत मामा. पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आता अकोटला घर आणि गावाकडे थोडी शेती. त्यांना मी म्हटलं, लढाईची जागा पाहायची आहे, मग परतवाड्याचं गोऱ्यांचं कबरस्तान, मग गाविलगड. ते म्हणाले, "पाहाले काय हाये तिथी? पन चाल. गाडी मी चालवतो, तू नको चालवू." मामांची गाडी चालवण्याची पद्धत अशी की गिअर बदलताना ते बोलणं थांबवतात.

अकोटहून पश्चिमेला निघालं की उजव्या हाताला सातपुडा सतत सोबत असतो. डावीकडे पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट प्रदेश, खाली खाली खारपाणपट्ट्यात उतरत जाणारा. कपाशीची वेचणी चालू होती. बायका कमरेला ओट्या बांधून ओळीने वेचत होत्या, तुरी फुलावर, मध्येच हरभऱ्याचे नुकते उगवलेले तास. इतकी उघडी, इतकी सरळ जमीन, की इथे फौज लपवायची म्हटलं तरी उभ्या पिकाशिवाय आडोसा नाही. शिरसोलीच्या अलीकडे मामांनी गाडी कडेला घेतली आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "सांग आता. कोण कुठी होतं?"

मी वाचून आले होते ते सांगितलं. अडगावच्या पुढे भोसल्यांची रांग, रघूजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू तिचे सेनापती. बाजूला शिंद्यांचं घोडदळ. इकडून आर्थर वेलस्ली, तोच जो पुढे वॉटर्लूमुळे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगाला माहीत झाला, आणि त्याच्याबरोबर कर्नल स्टीव्हन्सनची फौज. कंपनीची माणसं त्या दिवशी उन्हात लांबचा पल्ला चालून आली होती. वेलस्लीचा त्या दिवशी लढायचा विचारही नव्हता. समोर फौज दिसली, आणि दिवस उतरत असताना त्याने रांगा मांडल्या. शिरसोलीजवळून पुढे सरकताना मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या, आणि हिंदी शिपायांच्या तीन पलटणी मागे फिरून पळाल्या. गंमत म्हणजे याच पलटणी दोन महिन्यांपूर्वी असईला चिवटपणे लढल्या होत्या. वेलस्ली स्वतः तिथे होता म्हणून त्याने त्यांना थांबवून पुन्हा रांगेत आणलं.

मला वाटलं होतं मामा हसतील. ते म्हणाले, "दिवसभर चालून आलते ना?"

"हो."

"मंग बरोबर हाये."

एवढंच. पुढे विचारलं, पाणी मिळालं होतं का त्यांना. हे कुठल्याच पुस्तकात मी शोधलं नव्हतं.

लढाई फार वेळ चालली नाही. अरब किंवा इराणी असावेत असं इंग्रजांना वाटलेली एक तुकडी कंपनीच्या ७४ आणि ७८ या दोन गोऱ्या पलटणींवर तुटून पडली आणि तिथेच संपली. मग मराठ्यांची रांग मोडली आणि चांदण्यात कैक मैल पाठलाग झाला. आता हिशेब. कंपनीकडचे मृत ४६. जखमी तीनशेच्या घरात. हे आकडे पलटणवार लिहून ठेवलेले आहेत, त्यात गोरे किती आणि हिंदी किती हेही. मराठ्यांकडून जिंकलेल्या तोफा ३८, या तर नग मोजून. आणि मराठ्यांकडची मेलेली माणसं? 'सुमारे पाच हजार.' आजवर सगळे हाच गोल आकडा उचलतात. मलाही दुसरा देता येत नाही. पण एकाच कागदावर तोफा मोजलेल्या आणि माणसं अंदाजे, हे त्या धुऱ्यावर उभं राहून आठवलं की चीड येते. इंग्रजांची नव्हे, कारण त्यांनी आपल्या माणसांची यादी केली. आपल्याकडून कुणी केली नाही त्याची.

वावराचा मालक सायकल ढकलत आला. काय पाहता म्हणाला. मामांनी सांगितलं, लढाई झाली होती इथे. "हो, म्हतारे सांगत जात," तो म्हणाला, "नांगरताना लोखंडाच्या गोया निघत म्हने पहिले. आता ट्रॅक्टर फिरते, कोनी पाहात नाई." मग त्याने आम्हाला कापसाचा भाव सांगितला, तो मात्र तंतोतंत, दोन व्यापाऱ्यांचा वेगवेगळा.

गाडीत बसताना मामा म्हणाले, "पाच हजार मानूस पडला म्हनते तू. उचलला कोनं? जायाले लाकूड कुठून आनलं असन?" त्यांचा प्रश्न कामाचा होता. मेलेल्यांना उचलणं हेही पलटणीचं काम असतं, त्यासाठी माणसं नेमावी लागतात, आणि ज्यांची पलटण मोडून पांगली त्यांच्यासाठी नेमणार कोण.

संध्याकाळी मामींनी रोडगे लावले होते. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, वर वांग्याची भाजी, तुपाची वाटी. लढाईचा विषय ताटावर निघाला नाही.

रविवार. अंजनगाव सुर्जी, परतवाडा

सकाळी अंजनगावच्या रस्त्याला. अंजनगाव सुर्जी म्हणजे पानमळे आणि पानपिंपरी. हिरव्या जाळीआडचे मळे रस्त्यावरून दिसतात. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांशी इथेच तह झाला. त्याची खूण म्हणून काही दाखवा, असं मी चहावाल्याला विचारलं तर त्याने तहसील कार्यालयाची दिशा दाखवली.

वाटेतल्या एका गावात मात्र थांबलो. नाव देत नाही, कारण अशी गावं वऱ्हाडात जागोजाग आहेत. एसटी थांब्याजवळ लोखंडी कुंपणात जवानाचा अर्धपुतळा, चौथऱ्यावर नाव, पलटण, जन्म, वीरमरण. चौथऱ्याला ऑइलपेंट ताजा होता. मागच्या बाजूला देणगीदारांची यादी, आणि खरं सांगायचं तर ती अक्षरं जवानाच्या नावापेक्षा ठसठशीत. शेजारी ग्रामपंचायतीच्या अंगणात २०२३ च्या 'माझी माती माझा देश' मोहिमेत बसवलेला शिलाफलक. देशभर ग्रामपंचायतींत बसवले होते, त्यातलाच. या फलकांवर गावातल्या वीरांची नावं कोरायची होती. ती इथे होती, आणि वाचता येत होती, फक्त फलकाला टेकवून कुणीतरी तुषार सिंचनाचे पाईप ठेवले होते.

मी काही बोलायच्या आत मामांनी पाईप उचलून बाजूच्या भिंतीला लावले. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "सरपंचाचे हायेत ते." मामा म्हणाले, "भिंत बी सरपंचाचीच हाये." विषय संपला.

पुतळ्याबद्दल माझं मत फार चांगलं नव्हतं. सगळे चेहरे एकसारखे, मिशी एकसारखी, मूर्तिकाराला बहुधा ओळखपत्राचा फोटो दिलेला असतो. मामांचं म्हणणं वेगळं. ते म्हणाले, पुतळा कसा का असेना, थांब्यावर आहे. रोज पोरं तिथे टेकून एसटीची वाट पाहतात. त्यांच्या पलटणीतला यवतमाळकडचा एक मुलगा काश्मीरमध्ये कामी आला. त्याचं नाव दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी या स्मारकाचं उद्घाटन झालं तेव्हा तिथल्या त्यागचक्राच्या ग्रॅनाइटवर पंचवीस हजारांहून जास्त नावं कोरलेली होती, स्वातंत्र्यानंतर पडलेल्या सैनिकांची. मामा तिथे जाऊन आले, नाव शोधलं, हात लावला. "पन त्याच्या मायले दिल्ली कोन नेईल?" म्हणाले. "तिले थांब्यावरचा पुतळाच बरा."

परतवाडा दुपारी. लाकडाच्या वखारी, सागवानाचा वास, रविवार असूनही एक आरागिरणी चालू. अचलपूर जुनं शहर, इमादशाहीच्या राजधानीचं, आणि परतवाडा ही त्याची छावणी. इंग्रज तिला एलिचपूर कँटोन्मेंट म्हणत. इथे निजामाची, म्हणजे नावाने निजामाची आणि हुकमाने इंग्रजांची, 'हैदराबाद कंटिन्जंट' नावाची फौज असे. १९०३ मध्ये ती हिंदी सैन्यात विलीन झाली. छावणी उठली, कबरस्तान राहिलं.

फाटक बांधलेलं होतं, कुलूप नव्हे, तार. बाजूच्या घरातल्या बाईंनी तार सोडून दिली आणि बजावलं की आत घाणेरीत हात घालू नका, साप असतो. घाणेरी कमरेइतकी. तिच्यातून डोकावणारी विटा-चुन्याची थडगी, काही चौकोनी, काही निमुळत्या मनोऱ्यासारखी, एकाचा घुमट अर्धा खचलेला. बहुतेकांच्या पाट्या गेलेल्या. संगमरवर कुणाला नको असतो? जिथे दगडातच अक्षरं कोरलेली होती तिथे ती थोडीफार उरली आहेत. बोटाने माती काढत वाचलं. ताप. पटकी. एका जागी फक्त वय शिल्लक, महिन्यांत मोजलेलं. पाऊण तास फिरून लढाईत मेलेला माणूस आम्हाला एकही सापडला नाही. छावणीच्या कबरस्तानात मरण येतं ते घोड्यावरून नव्हे, पाण्यातून आणि डासांतून.

आणखी एक गोष्ट मला तिथे उभी राहिल्यावरच उमगली, घरी वाचताना नाही. कंटिन्जंटचे अधिकारी गोरे, शिपाई सगळे हिंदी. म्हणजे हे लष्करी कबरस्तान, पण शिपाई त्यात कुणी नाही. अधिकारी, त्यांच्या बायका, त्यांची पोरं. ज्यांनी पहारे दिले, मेळघाटात कूच केली, ते शिपाई आपापल्या रीतीने जळाले किंवा पुरले गेले, नदीकाठी कुठेतरी, आणि त्यांच्यासाठी दगड उभा करायची पद्धत ना त्यांच्या घरी होती ना सरकारात.

मामा एका थडग्याच्या पायरीवर रुमाल टाकून बसले. त्यांना कोहिमा आठवलं होतं. नव्वदच्या दशकात त्यांची पलटण नागालँडात होती, तेव्हा रविवारी जवान कोहिमाच्या युद्धस्मशानात जात. १९४४ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत जपान्यांशी झालेली ती लढाई, डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टावर दोन्ही बाजूंनी खंदक खणून लढलेली. आता त्याच टेकडीवर पायऱ्या-पायऱ्यांनी १,४२० कबरी आहेत, प्रत्येकीवर ब्राँझची छोटी पाटी. 'घरी जाल तेव्हा आमच्याबद्दल सांगा' अशा तिथल्या त्या दोन प्रसिद्ध ओळी सगळेच सांगतात, मामांनी नाही सांगितल्या. त्यांना आठवत होती ती टेकडीच्या माथ्यावरची वेगळी भिंत. जे हिंदू आणि शीख सैनिक धर्माप्रमाणे दहन झाले, ज्यांची कबर असणं शक्यच नव्हतं, त्या ९१७ जणांची नावं तिथे कोरलेली आहेत.

"आमचे जवान कबरी पाहत जात," मामा म्हणाले, "आनि मंग वरते जाऊन गाववाले शोधत. पाटील हाये का, सिंग कोनता हाये. नाव सापडलं की फोटो काढत. त्याचं यांचं काई नातं नाई."

मी पुण्याला खडकीचं युद्धस्मशान पाहिलं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेच्या वर कबरी, हिरवळ कापलेली, गुलाब, एकाच मापाचे दगड. मेजर आणि शिपाई यांना एकसारखाच दगड द्यायचा हा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा १९१७ पासूनचा नियम. मग परतवाड्याला घाणेरी का? तर नियम तारखांचाही आहे. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७, या दोन मुदतींत सेवेत मेलेले कमिशनच्या वहीत. त्याआधी मेलेला, मग तो कर्नल का असेना, त्यांचा नाही. म्हणजे मेलेल्या गोऱ्यांतही नशिबाने योग्य साली मेलेले आणि चुकीच्या साली मेलेले असा भेद आहेच. मामांना हे इतकं पटलं की ते दिवसभर तेच बोलत होते. पेन्शनीच्या कट-ऑफ तारखेशी आयुष्य काढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

निघताना बाईंनी तार पुन्हा बांधली. वर्षातून एखादा माणूस कॅमेरा घेऊन येतो म्हणाल्या. आणि "तुमचं कोनी हाये का आत?" हेही विचारलं, अगदी सहज, जसं दवाखान्याबाहेर विचारतात.

सोमवार. चिखलदरा, गाविलगड

धामणगाव गढीवरून घाट चढलो. चिखलदरा हजार मीटरच्या वर आहे, डिसेंबरच्या तोंडावर सकाळी धुकं आणि कुडकुडवणारी थंडी. पर्यटकांचं चिखलदरा मी टाळते, त्यावर लिहिणारे खूप आहेत. मक्याची कणसं खाल्ली आणि सरळ किल्ल्याकडे.

गाविलगड १४२५ च्या सुमारास बहामनी सुलतान अहमदशाहने बांधला, नंतर इमादशाहांनी वाढवला. शार्दूल दरवाज्यावर गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी, कोरलेला आहे. आतले तलाव, अर्धी पडकी मशीद, रानात हरवलेल्या तटबंदीवर पडलेल्या तोफा. एवढं मोठं बांधकाम इतकं रिकामं पाहिलं की आधी आवाज लहान करून बोलावंसं वाटतं. मामांना तसं काही वाटलं नाही, त्यांनी एका बुरुजावरून दुसऱ्या बुरुजावरच्या माणसाला हाक मारता येते का हे मला पलीकडे पाठवून तपासलं. येते.

अडगावनंतर पंधरवड्यात वेलस्ली इथे होता. तो स्वतः दक्षिणेकडून, जिकडून चढ सरळसोट आहे. खरा हल्ला स्टीव्हन्सनचा, उत्तरेकडून, लबाडा गावाच्या बाजूने. त्यासाठी ७ डिसेंबर ते १२ डिसेंबर त्याच्या माणसांनी अवजड तोफा सातपुड्यातून हाताने ओढत आणल्या. रस्ता नव्हता. आधी रस्ता करायचा, मग त्यावरून तोफ ओढायची. मामांना लढाईपेक्षा हाच भाग ऐकायचा होता. दोर कशाचे, एका तोफेला माणसं किती, उतारावर तोफ सुटली तर काय. मी एवढंच सांगू शकले की वेलस्लीने आपल्या अहवालात हल्ल्याच्या आधी या मेहनतीचं वर्णन केलं आहे. "करनारच," मामा म्हणाले, "त्याले मालूम होतं गड कायनं पडला ते."

१५ डिसेंबरला सकाळी तटाला पडलेल्या खिंडारातून कर्नल केनीच्या हाताखालची तुकडी बाहेरच्या किल्ल्यात घुसली. पण गाविलगड दुहेरी आहे, बाहेरच्या आणि आतल्या किल्ल्यामध्ये घळ आहे. आतल्या भिंतीला कॅप्टन कॅम्पबेलने ९४व्या पलटणीच्या हलक्या पायदळाच्या तुकडीसह शिड्या लावल्या आणि दरवाजा आतून उघडून दिला. त्यानंतर जे झालं त्याला लढाई म्हणता येत नाही. दरवाज्यापाशी माणसं कोंडली गेली होती. कंपनीकडचे मृत आणि जखमी मिळून सव्वाशेच्या आसपास, नेहमीप्रमाणे मोजलेले. आतल्यांचा हिशेब नेहमीप्रमाणे 'पुष्कळ'.

गडाची शिबंदी लढवणारा राजपूत सरदार बेनीसिंग त्या ढिगात सापडला. त्याच्या घरच्या बायकांचं काय झालं हे इथे दाखवायला येणारा प्रत्येक जण रंगवून सांगतो. आमच्याही मागे एक जण लागला होता, जोहार, अग्निकुंड, शेकडो राण्या. इंग्रजांच्या कागदांतली हकीकत जास्त साधी आणि मला जास्त भयंकर वाटते. बायकांना मारून टाकण्याचा हुकूम होता, तो पुरता पाळला गेला नाही. काही मेल्या, काही जखमी राहिल्या. म्हणजे कुणाचा तरी हात चालला आणि कुणाचा तरी थांबला. कुणाचा, हे कुठेच लिहिलेलं नाही. त्या बायकांना बलिदानाच्या यादीत घालून आपण मोकळे होतो, त्यांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मात्र टाळतो. मी तो त्या माणसाला विचारला. तो म्हणाला, "मॅडम, पुढे मोठी तोफ दाखवतो."

आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह. भोसल्यांनी कटक आणि बालासोर दिलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले मात्र त्यांना परत मिळाले. हे मी दरवाज्यात बसून मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारलं. गड परत दिला? हो. ज्या दरवाज्यात एवढी माणसं कोंडून मेली तो दरवाजा आठवडा उलटायच्या आत कागदावर पुन्हा त्यांच्याच धन्याचा. पुढे १८५८ मध्ये तात्या टोपेंच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी गड निकामी केला, तेव्हा त्याला राखणारंही कुणी नव्हतं.

मी म्हटलं, मामा, यातले अरब पगारी, राजपूत पगारी, कंपनीचे मद्रासी शिपाई तर पगारीच. यांचं बलिदान कुणासाठी म्हणायचं?

मामा बूट काढून खडा झाडत होते. "मी बी भरतीले पगारासाठीच गेलतो. बुढ्याचं कर्ज होतं. सहा बहिन-भाऊ." खडा निघाला. "त्या यवतमाळच्या पोराचं बी तसंच. कुनाले विचारू नको कायले आला म्हनून, कुठी उभा होता थे विचार."

इथे एकही नाव कोरलेला दगड नाही. कोणत्याच बाजूचा. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे, त्यावर स्मारकाची नासधूस केल्यास होणाऱ्या शिक्षेचं कलम आहे.

रात्री मुक्काम चिखलदऱ्यात. थंडी इतकी की मामांनी ट्रंकेतून आणलेली फौजी कांबळ मला दिली आणि स्वतः शाल घेतली. नको म्हणून उपयोग नव्हता.

मंगळवार. मेळघाटातलं एक गाव, मग परत

येताना घटांगच्या रस्त्याने उतरायचं ठरवलं, लांब पडतो पण जंगल आहे. वाटेत मामांच्या ओळखीच्या एका माजी सैनिकाचं घर, कोरकू वस्तीत. ते होमगार्डात की फॉरेस्टात दुसरी नोकरी करून आता घरी असतात. आम्ही त्यांना दादा म्हणत होतो. घरं दोन ओळींत समोरासमोर, मधून रुंद गल्ली, अंगणं सारवून आरशासारखी केलेली.

गावाबाहेर आंब्याखाली मुंडे आहेत, ते पाहायला गेलो. मुंडा म्हणजे मेलेल्या माणसासाठी रोवलेला सागाचा कोरीव खांब. वरच्या बाजूला चंद्र आणि सूर्य, खाली घोड्यावर बसलेला स्वार, भोवती कोयरीसारखी नक्षी. जुने खांब पावसाने करडे पडलेले, एकमेकांना टेकलेले, काही वाळवीने अर्धे. मी मराठी मुलखात पाहिलेल्या वीरगळांवरही वरच्या टप्प्यात हेच चंद्र-सूर्य असतात, आणि खाली घोडा. पण वीरगळ लढून पडलेल्याचा असतो. मुंडा कुणाचाही. बाईचा, म्हाताऱ्याचा, तापाने गेलेल्याचा. ज्याने आयुष्यात घोड्याला हात लावला नाही त्यालाही मेल्यावर घोड्यावर बसवतात.

एका बाजूचा खांब दादांच्या वडिलांचा. त्याच्यावर नाव नव्हतं. कसं ओळखता विचारलं, तर ते म्हणाले, "आमाले मालूम हाय ना." त्यांच्या मुलाला माहीत आहे, नातवाला दाखवलं आहे. नोंदवही तेवढीच. मामा त्या खांबाभोवती दोन फेऱ्या मारून आले, कोरीव काम बोटाने तपासलं, किती दिवस लागतात, सुतार कोण, लाकूड कसं मिळतं, हे सगळं विचारलं.

लाकूडच आता अवघड, दादा म्हणाले. आणि नुसता खांब रोवून भागत नाही. सिडोली करावी लागते. मेलेल्याला पूर्वजांत मिळवायचा विधी. नातलग बोलवायचे, गावजेवण, बकरा, वाजवणारे, रात्रभर नाच. म्हणून माणूस मेला की लगेच होत नाही, दोन वर्षं जातात, कधी चार, कधी घरातल्या तीन-चार मेलेल्यांची एकदम करतात. त्यांच्या धाकट्या भावाची राहिली आहे. तोही फौजेत होता, नोकरीत असताना आजारी पडून गेला, म्हणून ना पुतळा ना फलक.

"तिरंग्यात आनलं होतं?" मामांनी विचारलं.

"आनलं होतं. सलामी झाली. पन सिडोली बाकी हाय."

मामांनी पलटण विचारली, साल विचारलं. दोघांचं कुठलं तरी ट्रेनिंग सेंटर एकच निघालं, मग उस्तादांची नावं, कुणाला कोण 'खडूस' वाटे, यात अर्धा तास गेला. वहिनींनी काळा चहा आणि कुटकीचा भात पुढे केला. मला या गप्पांत जागा नव्हती, मी अंगणात मुलींबरोबर कोंबडीची पिल्लं मोजत बसले.

निघताना मामांनी विचारलं, सिडोली कधी धरता. तूर निघाली आणि पैसे हातात आले की, दादा म्हणाले, होळीच्या आधी नाही. मामांनी खिशातली डायरी काढून त्यांचा मोबाईल नंबर उतरवला, बकऱ्याचा भाव काय आहे ते विचारलं, आणि गाडी सुरू केल्यावर मला म्हणाले, "होळीच्या आधी तुह्या मामीले सांगू नको, तिले बकऱ्याचं पटनार नाई."